जुव्यावरून आलेला एक फोटो

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण जरा वेगळ्या कारणाने. लिहिणाऱ्याने कोणती गोष्ट तपासायची सोडली, ते शोधायची मला सवय आहे. पणजीच्या एका मराठी दैनिकात मी आधी वार्ताहर आणि नंतर उपसंपादक होतो. पिंपळावरची बाई, आपोआप वाजणारी चर्चची घंटा, असल्या बातम्या तालुक्यांतून यायच्या आणि मी त्या टोपलीत टाकायचो. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. आजही कोणी मला भूत दाखवायला बोलावले, तर मी आधी बॅटरी घेऊन जाईन.

तरीही हे लिहितो आहे. या प्रकरणात तपासण्यासारखे जे जे होते, ते मी तपासले... आणि दर वेळी चौकशी फिरून माझ्याच शर्टाच्या खिशाशी येऊन थांबली.

गोवा घटक राज्य झाले, त्यानंतरचा हिवाळा. मराठी की कोकणी, हे भाषेचे भांडण कायद्याने मिटले होते, चहाच्या टपरीवर मिटले नव्हते. नव्या राज्याचे म्हणून म्हापशाच्या एका छापखान्याच्या मालकांनी कॅलेंडर काढायचे ठरवले. रंगीत छपाई परवडणारी नव्हती, म्हणून काळ्या-पांढऱ्यात. पण बाराही पानांवर गोव्याची जमीन, पाणी, डोंगर. देव नको, नट्या नकोत. फोटो काढायचे काम उमाकांतकडे आले आणि फोटोंखालच्या ओळी लिहायचे माझ्याकडे.

उमाकांत मुळगावचा. घरामागे शेत आणि शेतामागे खाणीच्या मातीचा ढीग, अशा जागी वाढलेला. डिचोलीच्या एका स्टुडिओत तो लग्नाचे फोटो काढायचा आणि त्या कामाला पुरता विटला होता. ‘नवरा घामेजलेला, नवरी रडलेली आणि विहीणबाई माझ्या लाइटपुढे,’ असे तो म्हणे. छापखान्याच्या मालकांनी त्याला शब्द दिला होता, की कॅलेंडर चांगले झाले तर छापखान्यातच कायमची नोकरी. त्या एका शब्दावर त्याने स्टुडिओच्या मालकाशी अर्धे भांडण आधीच करून ठेवले होते.

अकरा फोटो तयार होते. मुळगावची शेते होती, वाळपईकडचा जंगलातला रस्ता होता. राहिला होता डिसेंबर, आणि डिसेंबरला त्याला समुद्र हवा होता. पण किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र नव्हे. समुद्रातून दिसणारा किनारा.

पेडणे तालुक्यात केरी आणि हरमल यांच्या मध्ये डोंगराची सोंड पाण्यात उतरते. तिच्यासमोर एक काळा खडक आहे. नकाशात त्याला नाव नाही. तिथले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणारे मच्छीमार, त्याला नुसते जुवें म्हणतात. बेट म्हणावे इतके मोठे नाही आणि खडक म्हणून सोडून द्यावे इतके लहानही नाही. चहूबाजूंनी तुटलेला कडा, वर जांभ्या दगडाचे सपाट टोक, थोडे गवत, पक्ष्यांची घाण. होडी लावायला जमिनीकडच्या बाजूला एकच फट आहे, आणि तीही सकाळीच चालते. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की डोंगराच्या सोंडेवरून उलटलेली लाट तिथे आपटते आणि होडी फुटते.

मी रात्रपाळी संपवून, छपाई यंत्रावरून नुकताच निघालेला अंक काखेत घेऊन, उमाकांतच्या स्कूटरवर बसलो. मांडवीचा पूल तेव्हा पडलेला होता. बेतीला फेरीबोट, पुढे शिवोलीला दुसरी फेरीबोट. उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर पोचलो.

होडीवाल्याचे नाव सगुण. पन्नाशीचा, काटक, बोलताना डोळे मिचकावणारा. सांगायला हरकत नाही, मला पाहताक्षणी त्याचा संशय आला. त्या काळात त्या किनाऱ्यावर रात्री माल उतरतो, ही पोलिसांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट होती. आणि माल उतरतो तिथे जागा राखणारा एखादा अदृश्य राखणदार असतो, एखादा देवचार, म्हणजे भूत, असतो, लोकांनी तिकडे फिरकू नये म्हणून एखादी दंतकथा असते. ही माझी ठाम समजूत होती. त्यामुळे सगुणने फटीत होडी लावल्यावर आम्हाला उतरू न देता ‘आदीं गाराणें’ म्हटले, तेव्हा मी मनातल्या मनात बातमीचा मथळाही लावून टाकला.

गाऱ्हाणे घालणे म्हणजे देवाला मोठ्याने विनंती करणे. पेडण्यात आणि पलीकडे सिंधुदुर्गात हे घरोघरी चालते. पण या जुव्यावरचा प्रकार थोडा निराळा होता. इथे खडकाला चिकटलेली कालवे काढायला येणाऱ्या बायासुद्धा खडकावर पाय ठेवण्यापूर्वी काय नेणार ते सांगतात, आणि तेवढेच नेतात. सगुणने आधी मला विचारले. मी काही नेणार नाही, असे म्हणालो.

“पेपरवालो आनी कांय व्हरचो ना?” तो हसला. “बरें तर. आनी तूं रे?”

“फोटो,” उमाकांत म्हणाला.

“कितले?”

“एक. एक बरो मेळ्ळो म्हणजे जालें.”

कॅलेंडरच्या पानाला एकच फोटो लागतो. त्या हिशेबाने तो बरोबर बोलला होता. सगुणने होडीत आणलेल्या नारळावर हात ठेवून खडकाकडे तोंड केले आणि मालवणी, कोकणी, मराठी यांच्या कडबोळ्यात राखणदाराला कळवले, की पेपरवाला काही नेणार नाही आणि हा झिलगो, म्हणजे पोरगा, एक फोटो नेणार, त्याला सुखरूप आण आणि सुखरूप पाठव. उमाकांत मध्ये मध्ये ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता, हसू दाबत. मी सगुणला विचारले, की तुमच्या राखणदाराला नक्की कळते कोणती भाषा?

“दोनूय कळटात, पात्रांव,” तो म्हणाला. पात्रांव म्हणजे मालक, साहेब. “सरकारान ताका विचारूंक ना अजून.”

आम्ही वर चढलो. उमाकांतने माझ्यासमोर नव्या रोलचे पाकीट फोडले आणि कॅमेऱ्यात भरले. ही गोष्ट मी पाहिली आहे. लेन्स ठेवायला त्याला सपाट, कोरडी जागा हवी होती, म्हणून मी माझ्या अंकाचे पहिले पान पसरले आणि वर दगड ठेवला. मग तो कामाला लागला. त्याची पद्धत अशी, की एका फोटोसाठी तो पुष्कळ वेळा बटण दाबायचा. उजेड थोडा कमी, थोडा जास्त, ढग सरकल्यावर पुन्हा, होडी गेल्यावर पुन्हा. सगळे छायाचित्रकार असेच करतात. एक म्हणजे निवडून छापण्याजोगा एक. सूर्य किनाऱ्यामागून वर येत होता, आमच्या सावल्या समुद्राकडे पडलेल्या. संबंध रोल संपला. त्याने तो तिथेच गुंडाळला, कॅमेऱ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. आमच्या कार्यालयात रोल हातात आला की डबीवर बातमीदाराने सही करायची शिस्त होती, कारण रोलांची अदलाबदल होऊन मागे एकदा मंत्र्यांच्या जागी बैलांचे प्रदर्शन छापायची वेळ आली होती. मी सही केली आणि डबी शर्टाच्या खिशात टाकून वर बटण लावले.

सगुण खालून हाका मारत होता. आम्ही उतरलो. होडी निघाल्यावर माझ्या लक्षात आले, की पहिले पान वरच राहिले. परत जाऊ या का, असे मी विचारले. सगुण नको म्हणाला. वारा फिरत होता. कागदच तो, मी सोडून दिला.

दुपारपूर्वी आम्ही किनाऱ्यावर होतो. संध्याकाळी डिचोलीत लग्न होते, म्हणून उमाकांत स्कूटरवरून तसाच पुढे गेला. मी बसने पणजीला आलो. डबी माझ्या खिशातच होती, झोपतानाही शर्ट उशाशी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या कार्यालयात आला, आणि आमच्याच डार्करूममध्ये, माझ्यादेखत, त्याने डबी उघडून रोल धुतला.

ओली फिल्म उजेडात धरल्यावर त्याने ती पुढेमागे फिरवून पाहिली. मग हळूच एक शिवी हासडली. फिल्म कोरी होती. काचेसारखी स्वच्छ.

रोल नीट अडकला नसेल, फिल्म सरकलीच नसेल, असे मी म्हणालो. असे होते. पण मग सगळीच कोरी हवी. ही नव्हती. मधोमध, दोन्हीकडच्या कोऱ्या जागांच्या बरोबर मध्ये, एक फोटो होता. स्वच्छ, चौकटीत नीट बसलेला.

“एक,” उमाकांत म्हणाला.

त्याचा मोठा प्रिंट काढला. जुव्याच्या टोकावरून किनारा दिसत होता. आम्ही उभे होतो तीच जागा, पण किनारा संपूर्ण उजळलेला. माडांची खोडे, रापणीच्या होड्या, डोंगरावरची एकेक दरड, सगळे समोरून आलेल्या उजेडात. खडकांच्या लांब सावल्या जमिनीकडे पडल्या होत्या. म्हणजे सूर्य पश्चिमेला होता. म्हणजे संध्याकाळ.

इतका सुंदर फोटो मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, हेही नोंदवतो.

माझा पहिला संशय उमाकांतवर गेला. तो आधी कधीतरी एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन आला असेल. अंधाऱ्या खोलीत त्याने दुसरी फिल्म टाकीत घातली असेल, आणि आता साक्षीदार म्हणून मला वापरत असेल. नव्या राज्याच्या कॅलेंडरला चमत्काराची जोड मिळाली तर खप वाढतोच. मी त्याला हे तोंडावर सांगितले. तो चिडला नाही. त्याने भिंग माझ्या हातात दिले आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केले.

खडकावर दगडाखाली वर्तमानपत्राचे पान होते. एक कोपरा वाऱ्याने उचललेला. मजकूर वाचता येत नव्हता, पण पानाची मांडणी दिसत होती. वर उजवीकडे तीन कॉलमी फोटो, खाली चौकट, डावीकडे सलग लांब बातमी. ते पान मी स्वतः लावले होते, आम्ही निघालो त्याच रात्री. तो फोटो चौकटीच्या वर घ्यायचा की खाली, यावरून माझी आणि फोरमनची बाचाबाची झाली होती. त्या पहाटेपूर्वी ते पान जगात नव्हते, आणि जुव्यावर ते आम्ही तिथून निघाल्यानंतरच एकटे पडले होते.

म्हणजे हा फोटो त्याच दिवशी संध्याकाळचा, किंवा त्यानंतरचा. पण दुसऱ्या सकाळी तर फिल्म धुतली होती. म्हणजे त्याच संध्याकाळचा. त्या संध्याकाळी उमाकांत डिचोलीत होता. त्याचा पुरावा एका नवरा-नवरीच्या अल्बममध्ये पानोपानी आहे, मी तो जाऊन पाहिला. आणि फिल्म डबीत होती, डबी खिशात, खिसा माझ्या छातीवर, बसमध्ये.

तरी मी सगुणला सोडले नाही. संध्याकाळी जुव्यावर कोणीतरी होते, एवढे तरी त्याच्याकडून काढायचे, असे ठरवून मी प्रिंट घेऊन एकटाच गेलो. तो किनाऱ्यावर जाळे सांधत बसला होता. फोटो बघून त्याने विचारले, “हें खंयचें?” मी जागा सांगितली. त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला, आपले घर शोधून काढले, घरावरचे तुटलेले कौलही शोधून काढले.

संध्याकाळी तिथे कोण जाते, मी विचारले.

“कोण वचूंक शकता? होडी खंय लायतलो?”

रात्री माल उतरतो त्याचे काय, असे मी सरळच विचारले. त्याला हसू आले. माल उतरवायला खडक कशाला हवा, म्हणाला, सगळी रेती मोकळी आहे की. मग तो गंभीर झाला. मी पेपरात हे घालणार काय, म्हणून विचारू लागला. घातले तर उद्या कस्टमवाले येतील, परवा टुरिस्ट, आणि त्याच्या होडीला श्वास घ्यायला मिळणार नाही. मी म्हटले, आमच्या पेपरात घालणार नाही, पण हे झाले कसे ते सांग. त्याला माझा प्रश्नच कळत नव्हता. मी फिल्म, डबी, सूर्य, सगळे पुन्हा समजावले. तो ऐकून घेऊन म्हणाला, “पात्रांव, एक म्हणल्लो, एक मेळ्ळो. मागीर चवकशी कसली?”

आणि पुन्हा जाळे सांधू लागला. तो खोटे बोलत असेल, असे मला तेव्हा वाटले. आजही अधूनमधून वाटते. पण नेमके कोणते वाक्य खोटे, ते मला दाखवता येत नाही.

खरी अडचण म्हापशाला झाली. छापखान्याच्या मालकांनी प्रिंट पाहिला आणि खुर्चीतून उठले. डिसेंबर नव्हे, हा मुखपृष्ठावर जाणार, असे त्यांनी जागीच जाहीर केले. खाली उमाकांतचे पूर्ण नाव घालू, म्हणाले. उमाकांतने तिथे सांगून टाकले, की हा फोटो माझा नव्हे.

या वाक्याचे काय होईल, याचा त्याने विचार केला नव्हता. मालकांच्या डोक्यात एकच गोष्ट आली: हा कोणाचा तरी उचललेला आहे. मग पुढचे ओघाने आलेच. बाकीचे अकरा तरी याचे कशावरून? त्यांनी सगळे प्रिंट टेबलावर पालथे ठेवले आणि मला बोलावणे धाडले.

मी गेलो तेव्हा उमाकांत खिडकीपाशी उभा होता. मालकांनी आडवळणे घेतली नाहीत.

“तुम्ही बरोबर होता. हा फोटो यानंच काढला, एवढं तुमच्या तोंडून मला ऐकू दे. मी उद्या छपाईच्या प्लेटला घालतो, आणि नोकरीचं पत्रही देतो.”

उमाकांत माझ्याकडे बघत होता. मी काय बोलावे, याची त्याने खूण केली नाही. त्याने नुसती मान हलवली असती, तरी मी हो म्हटले असते, असे मला वाटते.

मी घडले ते क्रमाने सांगितले, विशेषणे न घालता. रोल त्याचा आहे, कॅमेरा त्याचा आहे. त्याने बटण दाबले ते प्रत्येक वेळी मी पाहिले. हा फोटो काढताना मात्र मी त्याला पाहिलेले नाही. आणि दुसऱ्या कोणालाही तो काढताना पाहिलेले नाही.

मालकांनी निगेटिव्हची पट्टी मागितली. ती खिडकीच्या उजेडात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली. मधल्या फोटोपाशी थांबले. मग पुढची कोरी फिल्म पाहिली आणि पट्टी टेबलावर ठेवली. हात रुमालाला पुसले. त्यांच्या आईचे माहेर पेडण्याचे, हे मला नंतर कळले. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला माहीत नाही.

“अकरा ठेवतो,” ते म्हणाले. “बारावा दुसरा आण. काढताना माझा माणूस मागे उभा राहील.”

उमाकांत त्याला कबूल झाला. पुढच्या रविवारी त्याने आमोण्याला मांडवीच्या बांधावरून नदीचा आणि भाताच्या कापलेल्या शेतांचा फोटो काढला. छापखान्याचा माणूस मागे छत्री घेऊन उभा होता आणि दर वेळी विचारत होता, “जालो?” कॅलेंडर वेळेवर निघाले. बाराही पानांवर उमाकांतचे नाव होते. लोकांना ते आवडले. नोकरीचे पत्र आले नाही. मालकांनी कारण दिले नाही, आणि उमाकांतनेही विचारले नाही. तो डिचोलीच्या स्टुडिओत परत गेला, तिथल्या मालकाशी केलेले अर्धे भांडण त्याने पायरीवरच मिटवले आणि पुढची कित्येक वर्षे विहीणबाईंना लाइटपुढून बाजूला करत राहिला. आता त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. मुलगा सांभाळतो.

तेव्हा मी हो म्हटले असते तर काय झाले असते, असे लोक मला विचारतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. डबीत बंद असलेल्या फिल्मवर उजेड कुठून पडला, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या एका निवृत्त तंत्रज्ञालाही मी पट्टी दाखवली होती. त्याने शांतपणे सांगितले, की हे होऊ शकत नाही. पट्टी त्याच्या हातात होती.

निगेटिव्ह माझ्याकडे आहे. हे लिहिण्यापूर्वी मी उमाकांतला फोन केला आणि सगळे लिहू का, असे विचारले. तो म्हणाला, खुशाल लिही. “फोटोय घाल. फकत सकयल म्हजें नांव नाका.” सकयल म्हणजे खाली.

सदराच्या संपादकांनाही फोटो हवा होता. त्यांच्याकडे छायाचित्रकाराच्या नावाशिवाय फोटो छापत नाहीत, तसा नियमच आहे. माझे नाव चालेल, असे त्यांनी सुचवले. रोलच्या डबीवर सही माझीच होती. मी नको म्हणालो. म्हणून हा मजकूर फोटोशिवाय येतो आहे.